ओल्या खोक्यातले सिनेमे

॥ एकवीरा आई प्रसन्न ॥

काल्हेर, ता. भिवंडी
शुक्रवार, ९ फेब्रुवारी २००७

चि. रुचिका हिला आईचा आशीर्वाद.

सवयीनं वर देवीचं नाव घातलं आणि मग आठवलं, ख्रिस्ती घरात तुला आता चालतं की नाही कोण जाणे. चालत नसेल तर तेवढा कागद दुमड आणि पुढचं वाच. तुझा वसईचा पत्ता क्षितिजानं दिला. तुझ्याबरोबर नर्सिंगला होती ती. भिवंडीच्या एस.टी. स्टँडवर भेटली. मी मागितला नव्हता, तिनंच पिशवीतून कागद काढून लिहून दिला. खोटं कशाला बोलू, मीच मागितला.

आम्ही सगळे बरे आहोत. बाबांची शुगर वाढलीय. चहात साखर घातली नाही तर अंगावर येतात आणि घातली तर डॉक्टर माझ्या अंगावर येतो. मनोजचं लग्न ठरलं. मुलगी कोन गावची, भोईरांची, बारावी झालेली, बोलायला गोड आहे. सहा मेची तारीख धरलीय. तू सहा वर्षांत मनोजला पाहिलं नाहीस. मिशी ठेवलीय आता त्यानं, शोभत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे, हसू नकोस. मागच्या शेतावर आपण गोडाऊन दिलंय ना, तिथे एका कंपनीचा सीड्यांचा माल होता. पावसाळ्यात पत्रा गळला, खोकी भिजली, कंपनीनं तो माल तसाच टाकला. वॉचमन दामूनं एक खोकं मला आणून दिलं. म्हणाला, "वहिनी, बघा चालतात का, नायतर भंगारात जातील." पुसून लावल्या, तर एकतीस चालल्या. सगळे सिनेमे गोऱ्या लोकांचे, पण हिंदीत बोलतात. पहिला लावला तर घोड्याचा निघाला. दुसऱ्यात सगळं घर चर्चला जायला निघालं आणि मी ताडकन उठून बसले. म्हटलं, अगंबाई, हे तर माझ्या रुचिकाच्या घरचं!

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं आटोपली की लावते. तू कशी राहत असशील, कशी बसत असशील, सासरी कोण काय बोलत असेल, ते मला दुसरं कोण दाखवणार? आता मला बरंच कळतं. जेवायच्या आधी सगळे हात धरतात आणि डोळे मिटतात. ताटातलं निवत नाही का गं? इतकी माणसं जेवतात पण कोणाच्या घरात फोडणीचा धूर दिसत नाही. कोणालाच सासू नाही, ते एक बरंय. प्रार्थना केली की लगेच फोन वाजतो आणि पोरगा सापडतो, नाहीतर ट्यूमर जातो. मी एकवीरेला तीस वर्षं नवस बोलतेय, तिचा फोन काही येत नाही. आणि सगळ्या बायकांना आवाज एकाच बाईचा. आजी पण तीच, नात पण तीच, दोघी भांडतात तेव्हा तर माझी हसून पुरेवाट होते.

पण रडवतात मेले. एकात बाप लेकीच्या खोलीत जातो, खाटेच्या कडेला बसतो आणि तिला सॉरी म्हणतो. सॉरी! बाप, लेकीला! मी तो भाग चार वेळा मागे नेऊन पाहिला. आपल्याकडे असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

भिवंडीच्या बाजारातून मी दोन काटे आणलेत. दुपारी घरात कोणी नसलं की काट्यानं भात खायची सवय करते. कधी तुझ्याकडे यायचं झालं तर तुझ्या सासरच्यांपुढे तुझी मान खाली जायला नको. अर्धा भात लुगड्यावर पडतो, पण येईल हळूहळू.

बाबांचं तुला माहीतच आहे. त्यांच्यापुढे माझं काय चालतं? तरी परवा गंमत झाली. सिनेमात मुलगी घर सोडून गेलेली, बाप फाटकापाशी उभा, लांबून कोणीतरी येतंय, आणि नेमकी लाईट गेली. बाबा ओट्यावर पाठ करून बसलेले. पाठीमागूनच विचारतात, "मंग काय झाला? पोर आली का न्हाय?" मी म्हटलं, लाईट आल्यावर सांगते. 

दोन वर्षांपूर्वी नाताळात तू बाळाला घेऊन आली होतीस म्हणे. शेजाऱ्यांनी सांगितलं. आम्ही सगळे पडघ्याला मामाकडे गेलो होतो. फार वाईट वाटलं. चुकामूक झाली, दुसरं काय.

उत्तर लिही. बाळाला पापा.

तुझी आई

⁕

काल्हेर
गुरुवार, १ मार्च २००७

रुचिका,

तुझं पत्र पोचलं. आठच ओळी लिहिल्यास, पण अक्षर तसंच आहे, उजवीकडे कललेलं. परवा होळी आहे. घरात पाहुण्यांची ये-जा आहे, म्हणून मी गच्चीवर येऊन लिहितेय.

तुमच्याकडे टेबल नाही, तुझी सासू लाल लुगडं नेसते, बोंबलाचं कालवण करते आणि माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलते, हे वाचून मी स्वतःशीच इतकी हसले की मनोज विचारायला लागला काय झालं म्हणून. म्हणजे एकतीस सिनेमे बघून मी भलत्याच लोकांचं घर शिकत बसले होते! आणि आमचे जावई सायमनराव नुसतं क्रिकेट बघतात. ते काटे आता मी लोणच्याच्या बरणीत घातलेत. आपल्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर वसई, एस.टी.त बसले असते तरी कळलं असतं.

त्या अर्ध्या राहिलेल्या सिनेमाचं सांगते. नंतर मी तो पुरा पाहिला. मुलगी येते. बाप पळत जातो, मिठी मारतो, मागे पेटी वाजते, आई पदर नसल्यामुळे हातानंच डोळे पुसते आणि सिनेमा संपतो. बाबांना सांगितलं, आली म्हणून. "बरां झाला," म्हणाले आणि मिसरी लावत बसले. पण मला रागच आला. इतकी वर्षं दोन मिनिटांत कशी पुसली? मिठीच्या आधी कोणी काही विचारतच नाही. तू कुठे होतीस, आम्ही काय केलं, कोणी दार लावलं. मला तेच बघायचं होतं, आणि नेमकं तेच एकाही सीडीत नाही.

आता तुझी शेवटची ओळ. "पडघ्याला गेली होतीस, तर दाराखालून दिसणारी जोडवी कोणाची होती?"

माझी होती.

बाकीचे पडघ्याला गेले होते. मी एकटी घरी होते. तू पहिली हाक मारलीस तेव्हाच आवाज ओळखला. उठून दारापर्यंत आले, कडीला हात लावला. तू तीनदा आई म्हणालीस. बाळ रडत होतं, त्याला तू थोपटत होतीस, तेही ऐकू येत होतं. मी कडी धरून उभी राहिले. दोन बोटांचं काम होतं गं, केलं नाही.

का, ते सांगते. तू लग्न केलंस त्या आठवड्यात घरानं तुझ्या नावानं आंघोळ केली, मेलेल्या माणसाची करतात तशी. हे तुझ्या कानावर आलं असेलच. पुरुष खाडीवर गेले, आम्ही बायकांनी मोरीत केली. मी पण केली. डोक्यावरून तांब्या ओतताना मला वाटलं की हे नुसतं पाणी आहे, लोकांच्या तोंडासाठी आहे. नंतर काशीआत्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "आंघोळ केलेली पोर उंबऱ्यात आली तं पाठच्या भावावर येतां. ध्यानात ठेव." तेव्हापासून ते माझ्या डोक्यात बसलं. तू दारात उभी होतीस आणि मला दारापलीकडे तू दिसतच नव्हतीस, मनोज पडघ्याहून मोटरसायकलवर येतोय तो दिसत होता. जिवंत लेक बाहेर उभी आणि मी मेलेल्याची भीती घेऊन आत. ज्या पोरीला मी नऊ महिने वाहिलं तिला मी घाबरले. याला दुसरं नाव नाही.

तू गेल्यावर दार उघडलं. बाहेरच्या कडीला पिशवी होती. केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, तुमच्या वसईची वाळवलेली केळी. बाबांना सांगितलं, शेजारणीनं वसईहून आणली. कोणाला एक दिलं नाही. रोज एक, अकरा दिवस, मी एकटीनं खाल्ली.

आणि सगळ्यांना, तुलासुद्धा, सांगत राहिले की बाबांपुढे माझं काय चालतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मनोजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी दिवसभर काल्हेर नाक्यावर ट्रकांच्या मधून गाडी चालवतो. मला काय ताई मारणार?" इतकंच बोलला, पण दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. ते बरोबरच आहे.

काल बाबांना सांगितलं. लग्नाच्या पत्रिका पुढ्यात घेऊन बसले होते, कोणाला किती ते ठरवत. मला वाटलं ओरडतील, निदान चष्मा आपटतील. त्यांनी हातातली पत्रिका खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी असतो तं उघडला असता."

रुचिका, सहा वर्षं मी या माणसाला पुढे करून त्याच्या मागे लपले. एकदा विचारलं असतं, तर! मी कधी विचारलंच नाही. ते रागावतील म्हणून नाही, ते हो म्हणतील म्हणून. मग माझ्याकडे कारण उरलं नसतं.

मग ते उठून गोडाऊनवर गेले, दामूजवळ बराच वेळ बसले. परत आल्यावर एक पत्रिका मागितली. छापून झालेली असल्यामुळे खाली पेनानं लिहिलंय. तू त्यांचं अक्षर ओळखशील, सहीपुरतंच लिहिणारा माणूस. "करवली" लिहून पुढे तुझं नाव घातलंय. त्याखाली सायमनचं. त्याखाली बाळासाठी एक रेघ ओढून जागा सोडलीय, कारण नाव आम्हाला ठाऊक नाही. मुलगा की मुलगी हेही ठाऊक नाही. मी त्या दिवशी ओळखायला हवं होतं असं त्यांना वाटतं, पण दाराआडून रडण्यावरून काय कळणार? पत्रिका या पत्रातच घातलीय. ती रेघ तू भर आणि परत पाठव, म्हणजे ते मांडवात मोठ्यानं नाव घेतील.

काशीआत्याला मी स्वतः जाऊन सांगितलं, रुचिका येणार आणि करवली तीच. ती बोलायची ते बोलली. मी ऐकून घेतलं आणि घरी आले.

माझ्यासाठी येऊ नकोस. भावासाठी ये, बापासाठी ये. ते तुला आणायला वसईला येतील, कुठला दिवस ते तू कळव. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं लिही, मी मागच्या अंगणात बायकांबरोबर कांदे चिरत बसेन, हळदीलाही पुढे येणार नाही. कोणी विचारलं तर कारण मी खरं सांगेन. मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण ते सिनेमातल्यासारखं वाटलं. म्हणून फक्त झालं ते लिहिलंय.

खाली "तुझी आई" लिहायला हात धजत नाही. ते तू ठरव.

कमळा केसरीनाथ केणे