तोंड न दाखवणाऱ्या सरांना

प्रिय प्रणय सर,

पत्राच्या सुरुवातीला प्रिय लिहायचं असतं हे आम्हाला तिसरीत शिकवलं. त्यानंतर मी शाळेत गेले नाही, म्हणून तेवढंच येतं आणि तेच लिहिते. तसे तुम्ही मला प्रिय वगैरे नाही. मी कल्पिताची आजी, तिच्या बापाची आई. तुमच्या त्या कॉम्प्युटरवर डिझाइन शिकवायच्या ऑनलाइन वर्गात पेणजवळच्या खारेपाटातून जी मुलगी बसते, ती कल्पिता. तिचं शेवटचं काम तुम्हाला पोचलेलं नाही. मुदत एकतीस तारखेची. ते काम गेलं नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नसलं तर पेणच्या छापखान्यात तिला घेणार नाहीत, हे सगळं मला आता माहीत झालंय. तुम्ही तिला दोन मेसेज पाठवलेत, तिनं उत्तर दिलं नाही. म्हणून मी लिहिते. तुमचा पत्ता तिच्या फॉर्मवरून उतरवून घेतला. पण कामाचं बोलायच्या आधी तुमच्याबद्दल थोडं बोलते, कारण माझा तुमच्यावरचा संशय अजून पुरता गेलेला नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही फुकट शिकवता. कल्पिता म्हणाली, आजी, आठ आठवड्यांचा कोर्स आहे आणि एक रुपया घेत नाहीत. मी तेव्हाच कान टवकारले. आमच्याकडे कोणी फुकट काही वाटायला आला की चार दिवसांनी तोच माणूस सही मागायला येतो. मी तिला विचारलं, मग त्या माणसाचं पोट कशावर चालतं? ती म्हणाली, संस्था पगार देते. मी म्हटलं, संस्थेला कोण देतं? तर म्हणाली, आजी, तुला न्हाय कळायचं. हे मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलंय, आणि ज्यांनी सांगितलं त्यांतल्या निम्म्यांना पुढे माझ्याकडेच विचारायला यावं लागलं.

दुसरी गोष्ट तुमचं नाव. ते आईबापांनी ठेवलं, त्यात तुमचा दोष नाही. पण वयात आलेल्या पोरी वर्गात असताना मास्तरचं नाव प्रणय असावं, हे मला पटलं नाही. आणि तिसरी गोष्ट, तुम्ही तोंड दाखवत नाही. आठवड्यातून तीन दिवस दुपारी तुमचा आवाज माझ्या घरात येतो आणि तुमच्या तोंडाच्या जागी एक गोल, त्यात एक अक्षर. कल्पिता म्हणते, सर कॅमेरा बंद ठेवतात म्हणजे गावाकडच्या पोरांचं नेट कमी जळतं. असेल. पण आमच्या दारात मासे विकायला येणारीसुद्धा आधी तोंड दाखवते, मग टोपली.

तर मी काय करायची, तुमचा वर्ग सुरू झाला की सुपात जवळा घेऊन दाराशी निवडायला बसायची. ऐकण्यासाठीच बसायची, लपवत नाही. तुम्ही म्हणायचात, सगळ्यांना माझा आवाज येतोय का? मी मनात म्हणायची, येतोय बाबा, आवाजच येतोय. मग तुम्ही म्हणायचात, कल्पिता, तुमची स्क्रीन शेअर करा. पहिल्या दिवशी हे ऐकून मी सूप खाली ठेवून आत गेले, की ही पोर त्या माणसाला काय दाखवते म्हणून. तर लाल चौकोन आणि पिवळा गोल. एवढंच. मी परत येऊन बसले, पण एका दिवसाच्या चौकोनावरून माणूस कळत नाही.

पोर मात्र बदलली. घरातल्या प्रत्येक कागदाला नावं ठेवायला लागली. बिस्किटाचा पुडा हातात घेतला की आधी त्याच्याकडे बघायची, मग खायची. शेजारच्या शिवानीच्या लग्नाची पत्रिका आली तर म्हणाली, चार तऱ्हेची अक्षरं घातलीयत, डोळा ठरत नाही. शिवानीची आई समोर बसलेली. मी हिला आत नेऊन चांगली खडसावली. रंगांना नंबरानं हाका मारायला लागली. मी म्हटलं वांगी रंगाचं लुगडं दे, तर म्हणते, आजी, तो वांगी न्हाय, त्याला आकडा हाय. नाक्यावर सरपंचाच्या भाच्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. त्यावर सत्तावीस तोंडं, सगळी काळे चष्मे लावलेली. ही उभी राहून म्हणाली, सर सांगतात मोकळी जागा सोडायला पाहिजे, कागदाला श्वास घेता आला पाहिजे. मी म्हटलं, तुझ्या सरांना सांग, आमच्याकडे जागा मोकळी सोडली की कोणीतरी कुंपण घालतं.

हे मी हसण्यासाठी सांगत नाही. इथूनच पुढचं सगळं झालं. आम्ही मीठ पिकवणारी माणसं. माझे मालक नामदेव, त्यांना सगळे नामा म्हणायचे, त्यांनी आणि मी तीस वर्षं मिठाचं आगर केलं. बांध फुटल्यावर पीक थांबलं, मालक गेले, मुलगा धर्मा बंदरावरचा ट्रेलर चालवायला लागला. आता त्या जागेवर नुसता चिखल आणि बगळे आहेत, पण पांढऱ्या गाडीतून जमिनीचे दलाल येऊन बघून जातात. आमच्याकडे आगराची हद्द विचारणारा माणूस दलालच असतो, दुसरा कोणी विचारतच नाही. आणि श्रावण लागला तशी कल्पिता विचारायला लागली. आजी, आपल्या आगरात मिठाचे वाफे किती होते? उघाडी कुठल्या बाजूला होती? समुद्राचं पाणी पहिल्यांदा कुठे घ्यायचे, मग कुठे सोडायचे? मी विचारलं, तुला कशाला? म्हणाली, सरांनी सांगितलंय, घरच्या धंद्याची माहिती काढून आणा. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ते कुठे आहे हे ज्याला कळलं, त्याला सगळं आगर कळलं. मला वाटलं, हे आता बरोबर जमलं. फुकट वर्ग, तोंड झाकलेलं, आणि आगराचा नकाशा. मी तिला मुद्दाम वाफ्यांचा आकडा चुकीचा सांगितला.

तरी मी गप्प बसले असते. पण पुढच्याच वर्गात तुम्ही म्हणालात, कल्पिता, तुमच्या हातात काहीतरी आहे, कोर्स संपला की मुंबईला या, प्रत्यक्ष भेटू. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. पोरीचं तोंड एवढं उजळलं, की मला धडकी भरली. आमच्या वरच्या आळीत क्रांती नावाची मुलगी आहे. तिलाही फोनवरच्या एका माणसानं असंच सांगितलं होतं, तुझ्यात काहीतरी आहे म्हणून. ती अकरा दिवसांनी परत आली. गावानं तिला काय काय विचारलं असेल ते तुम्हाला मुंबईत बसून कळायचं नाही. ती आता कोणाशी बोलत नाही. मी तिला रोज नळावर बघते. म्हणून सर, मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण आधी एकदा तिच्यासमोर उभे राहून बघा.

त्याच आठवड्यात कल्पिता आणि तिची आई रेवदंड्याला मावशीकडे बारशाला गेल्या, चार दिवस. परत येऊन हिनं तो घडीचा कॉम्प्युटर उघडला, बटण दाबलं, तर काही नाही. पुन्हा दाबलं. उलटा केला, पुसला, चार्जर बदलला. पेणला भावेशच्या दुकानात नेला. त्यानं उघडला तर आत पांढरी बुरशी धरल्यासारखं झालेलं, तारा खाल्लेल्या. म्हणाला, खाडीकाठची खारी हवा, ताई, तुमच्याकडच्या मशिनी अशाच मरतात, ह्याच्यातलं आता काही निघायचं नाही. शेवटचं काम त्याच्यातच होतं. आमच्याकडे नेट पुरत नाही म्हणून तिनं ते वर कुठे चढवलेलं नव्हतं. पोर रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. घरी येऊन म्हणाली, आपली हवाच वाईट, आजी, इथं कुठलीच गोष्ट टिकायची न्हाय. धर्मा म्हणाला, दिवाळीला दुसरा बघू. ती म्हणाली, नको. एका कंपनीत औषधांच्या गोळ्यांची पाकिटं भरायचं काम आहे, एक तारखेपासून तिकडे जाणार आहे. बस नाक्यावर येते. तुमचे मेसेज आले ते तिनं वाचले आणि फोन पालथा घातला. सरांना काय सांगू, म्हणते, मला वस्तू सांभाळता येत न्हाय असं सांगू?

आता ऐका. हवेनं काही केलेलं नाही. मी केलं. त्या रेवदंड्याला गेल्या त्या दिवशी मी कॉम्प्युटर लुगड्यात गुंडाळला आणि मागच्या खोलीतल्या मिठाच्या पेटीत पुरला. शेवटच्या पिकाचं मीठ आहे ते, त्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. ठरवलं होतं, चोरीला गेला म्हणून सांगायचं, मुंबईची तारीख टळली की कुठेतरी सापडला म्हणायचं. मिठातच का, तर आमच्या घरात चिंच, आंबोशी, बोंबील, जे टिकवायचं ते सगळं मिठात जातं. मला तो मोडायचा नव्हता, नुसता दाबून ठेवायचा होता. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे आगरातल्या पाच वर्षांच्या पोरीला कळतं. तीस वर्षं मीठ ओढलेल्या बाईला त्या दिवशी कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्याविरुद्ध पुरावा मिळतो का बघायला मी तिची वही काढली. वहीत नकाशा होता. पण तो दलालासाठी नव्हता, मिठाच्या पिशवीवरच्या लेबलासाठी होता. आपलं आगर वरून पाहिल्यासारखं, वाफ्याला लागून वाफा, आणि मधला एक वाफा कोरा, त्यात बारीक अक्षरांत नाव, नामा आणि ठमी, म्हणजे मालक आणि मी. बाजूला लिहिलेलं, मुंबईला प्रदर्शनात लावायचं, सगळ्या वर्गाचं, आईबाबा आणि आजीलाही घेऊन जायचं. मी पळत जाऊन पेटी उघडली. लुगडं चिंब ओलं होतं. कॉम्प्युटर टॉवेलनं कोरडा करून जागच्या जागी ठेवला आणि दोन दिवस स्वतःला सांगत बसले, की काही झालं नसेल.

त्या वहीची पानं ह्या पत्रासोबत रजिस्टरनं पाठवते. सगळं काम त्यात हातानं काढलेलं आहे, रंगांचे नंबरसुद्धा आहेत. वाफ्यांचा आकडा चुकला आहे तो माझ्या खोटेपणानं. उघाडी तिनं उलट्या बाजूला काढली होती, ती मी खोडून बरोबर केली आहे, म्हणून तिथे रबराचा डाग आहे. त्या दोन्हींचे मार्क तिचे कापू नका. मला तुमच्याकडून पुढची तारीख पाहिजे. महिनाभर, निदान पंधरा दिवस, की तेवढ्यात ती छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसून हे पुन्हा करील. छापखान्याच्या मालकाला मी जाऊन सांगितलं आहे, तो दुपारचे दोन तास द्यायला तयार आहे. तुमचं हो आलं की त्याच दिवशी मी तिला मिठाचं सगळं सांगणार आहे. आधी सांगणार नाही. आधी सांगितलं तर ती नुसती माझ्यावर चिडून त्या बसमध्ये बसेल. तारीख हातात असली तर आधी चिडेल आणि मग कामाला लागेल. माझ्याशी महिनाभर बोलली नाही तरी चालेल, मला सवय आहे. उत्तर लेखी पाठवा, पाकिटावर माझं नाव घाला, आणि खाली तुमचं पूर्ण नाव, गाव आणि वडील काय करतात ते लिहा. प्रदर्शनाला मी येणार आहे. तेव्हा दारातच उभे राहा, मला तुम्हाला नीट बघायचंय.

तुमची कोणी नसलेली,
ठमाबाई नामदेव म्हात्रे