डाव्या हाताचा चमचा

रविवार, ४ फेब्रुवारी

लाकूड आतून ओलं असतं! इतकी वर्षं प्लायवूडच्या दुकानात फळ्या कापतोय, पण माझ्या हाताशी येतं ते वाळून खडखडीत झालेलं. आज न्हावीकाकांनी तुतीचा ओंडका उभा केला, त्यावर कुऱ्हाडीचं पातं टेकवलं आणि वरून मोगरीचा एकच दणका दिला. शेंग उकलावी तसा ओंडका उकलला. आत पिवळाजर्द रंग आणि त्यावर पाण्याचे बारीक थेंब. बोट लावलं – गार. बाकीच्यांना त्याचं काही वाटलं नाही, सवय असेल. मी मात्र पुन्हा पुन्हा बोट लावत राहिलो.

बंद पडलेल्या गॅरेजच्या मागे दर रविवारी हे पाच-सहा जण बाकांवर बसतात आणि चमचे कोरतात. न्हावीकाका बाबांची दाढी करायला घरी येतात, त्यांनीच मला बोलावलं. म्हणाले, स्टीलचा चमचा त्यांच्या दातांवर आपटतो रे, लाकडाचा करून बघ.

बाबांबद्दल लिहायला नको वाटतं, तरी लिहितो. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. एवढी मोठी बस चालवणारा माणूस! गिळता येतं, डॉक्टरांनी नीट तपासलंय. पण ताईने चमचा पुढे केला की ओठ मिटतात. दोन घोट, की संपलं. स्वतः घ्यायला जातात तर डाव्या हातातून सगळं छातीवर. गालफडं बसली आहेत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर एकोणीस तारखेला नाकातून नळी घालू.

नळी नको. काहीही करून नको.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

अंगठा कापला. दुसरा कापू नये म्हणून त्यालाही आधीच पट्टी बांधली. ताई म्हणाली, मग नाकालाही बांध, तेही फार पुढे आलंय.

रविवार, ११ फेब्रुवारी

इथला एक नियम आहे. आपला चमचा आपण तपासायचा नाही. शेजाऱ्याला द्यायचा. तो चमचा उकळत्या पाण्यात बुडवणार, डोळे मिटून तोंडात घालणार आणि मगच काय ते बोलणार. डोळे उघडे असले की माणूस भिडस्त होतो, असं म्हणतात.

माझ्या शेजारी सुईणबाई होत्या. म्हाताऱ्या आहेत, पूर्वी बाळंतपणं करायच्या. मी चमचा आठवडाभर घासला होता. आधी जाड पॉलिश पेपर, मग मध्यम, मग अगदी पिठासारखा. आरशासारखा चमकत होता. खरं सांगायचं तर मनातून मी फुगलो होतो.

बाईंनी चमचा बुडवला, डोळे मिटले, तोंडात घातला. तोंड वाकडं झालं.

"मांजराने चाटलं गं बाई."

सगळे हसले. मला वाटलं, उठून निघून जावं. पण बाईंनी चमचा पुन्हा बुडवून माझ्याच ओठांना लावला. खरखर! एवढं घासूनसुद्धा! त्यांनी समजावलं की कागदाने लाकडाचे तंतू कापले जात नाहीत, नुसते दाबून बसतात, आणि पाणी लागलं की एकेक करून उठून उभे राहतात. मग धारदार सुरीने त्यांनी नखाएवढ्या जागेवरून एकच पातळ साल काढली आणि म्हणाल्या, आता लाव.

आपलाच ओठ आतून लागावा तसं लागलं. इतकं मऊ लाकूड असू शकतं? घरी येताना किती वेळा ओठांना लावून पाहिलं असेल! रस्त्यात लोक बघत होते. बघेनात का.

बुधवार, १४ फेब्रुवारी

न्हावीकाका म्हणाले की बाबांचं मनगट वळत नाही, रोज दाढी करताना दिसतं. तेव्हा चमच्यालाच मान वाकवायला लावायची. चमच्याचं तोंड बाजूला वळवलं की हात सरळ आणला तरी घास ओठांशी येतो. तसाच केला. कागदाला हात लावला नाही, नुसती सुरी. काकांच्या दुकानात जाऊन त्यांना दाखवला. गिऱ्हाईकाच्या तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी डोळे मिटून तपासला. म्हणाले, लोणी आहे.

उद्या बाबांना देणार.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

बाबांनी चमचा डाव्या हातात धरला. घास थेट कानाकडे!

मी उजव्या हातात धरून कोरला, म्हणून वळण उलटं पडलं. उजव्या हातात धरून तपासला. काकांनीही तसाच. बाबांचा उजवा हात गेला आहे हे मला माहीत नव्हतं का?

बाबांनी चमचा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज जाणारच नव्हतो. ताईने ढकललं.

सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता फिरकी घेतील. काका म्हणाले, चूक माझी, मी रोज त्यांच्या डाव्याच हातात टॉवेल देतो. सुईणबाई उठून शेजारच्या आपल्या घरात गेल्या आणि पातळ सूपच्या वाट्या घेऊन आल्या.

"उजवे हात मांडीखाली. जो काढील त्याला उपाशी ठेवीन."

आणि ही एवढी मोठी माणसं, दर रविवारी चमचे कोरणारी, उजव्या हातावर बसून डाव्या हाताने सूप पिऊ लागली. कुणाच्या हनुवटीवर, कुणाच्या बाहीत. काकांचा पांढरा शर्ट पार गेला. म्हणाले, जन्मभर लोकांच्या गळ्याला फडकं बांधलं, आज मला कुणी बांधता का? हसू आवरेना. पण हळूहळू हसणं थांबलं. डाव्या हाताला काय जमत नाही ते प्रत्येकाला कळायला लागलं. दांडा निसटतो – जाड हवा. सूप बाहेरच्या कडेवरून सांडतं – ती कड उंच हवी. घास मोठा होतो – खोलगट पण लहान हवा.

मग एकच चमचा सगळ्यांच्या हातून फिरला. कुऱ्हाडीने आकार काढला काकांनी, मान वाकवली मी, या वेळी दुसऱ्या बाजूला. कड बाईंनी राखली. ज्याच्या डाव्या हाताला जे नडलं होतं ते त्याने कापून दिलं. कुणी कुणाला सांगत नव्हतं. फक्त सुरीखालून साल सुटल्याचा आवाज. मी बघत राहिलो. मला अशी माणसं कशी भेटली?

शेवटी डोळे मिटून, डाव्या हाताने, एकेकाने तपासला. कुणाचंही तोंड वाकडं झालं नाही. बाईंनी तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

सोमवार, १९ फेब्रुवारी

दवाखान्यात निघायच्या आधी ताईने वाटी पुढे ठेवली. बाबांनी चमचा घेतला, दांड्यावरून अंगठा फिरवला. मग चमच्यानेच दाराकडे खूण केली. जा. ताई म्हणाली, ठसका लागला तर? पुन्हा तेच. जा.

दार ओढून आम्ही बाहेर उभे राहिलो. ताईने दाराला कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग ती हळूच म्हणाली, "आपण रोज त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो रे."

आत चमचा वाटीच्या तळाला लागत होता.