दुसऱ्या गाडीचा दिवा

२ ऑगस्ट २०००
सकाळी दुकान उघडलं तर वरच्या फळीवरचा पितळी हंडा खाली, आणि खाली बरोबर माझी जुनी मोटारसायकल. हेडलाइटची काच चूर, आतली वाटी चेपलेली. हंड्याला साधा पोचा नाही. भांड्यांच्या व्यापाऱ्यानं अशा वेळी मालाचं कौतुक करावं की रडावं? हंडा काठावर मीच ठेवला होता. म्हणजे ओरडायलाही कोणी नाही. दिलीप म्हणाला, "बाबा, आता ही गाडी काढून टाका." मुलगा आहे म्हणून ऐकून घेतलं.

४ ऑगस्ट
मंचरला बाबू मिस्त्रीकडे गेलो. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "शेठ, ह्यो दिवा बाजारात न्हाई मिळायचा. फेअरिंग थोडं कापू, ट्रॅक्टरचा गोल बसवू. लई उजेड पडतो."
कापायचं नाही म्हटलं. फायबरचं फेअरिंग, म्हणजे गाडीचं पुढचं कवच, पुण्याच्या कारागिराकडून करून घेतलंय, शहात्तर साली. त्यातला चौकोनी दिवा कुठल्या तरी परदेशी मोटारीचा. तसे दोनच होते त्याच्याकडे.
बाबू म्हणाला, "पन तुमी तर दिवस मावळायच्या आत घरी. तुमाला दिवा पायजेच कशाला?"
बरोबर आहे. तीस वर्षं चौविहार पाळतो. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. पाच-साडेपाचला दुकान मुलावर टाकून वरच्या मजल्यावर घरी. दिवा वर्षातून चारदा लागला तर लागला. तरी पुढं ते भोक बघवत नाही. दात पडलेल्या माणसानं हसावं तसं दिसतं.

५ ऑगस्ट
भोकातून पाणी जाऊ नये म्हणून दुकानातली स्टीलची ताटली तारेनं बांधली. बाजारात सगळे हसले. हसा.

९ ऑगस्ट, बुध.
पुणे. जुना बाजार पालथा घातला, मग नाना पेठ. दिवे शेकड्यानं, हा नाही. एका म्हाताऱ्या दुकानदारानं चेपलेली वाटी हातात घेऊन निरखून पाहिली. नंबर लिहून घेतला, मिळाला तर फोन करतो म्हणाला. मग विचारलं, "दोन होते म्हणता ना? मग दुसरा कुठे आहे?"
मी म्हटलं, माहीत नाही.
एसटीत बसल्यावर वाटलं, अनोळखी माणसाशी खोटं बोलायची काय गरज होती?

१० ऑगस्ट
दुसरा किसनकडे. निमगाव सावा. एका दिवशी दोघांनी गाड्या घेतल्या, एका दिवशी दोन्हीला फेअरिंग बसवलं. माझं लाल, त्याचं निळं. शाळेपासूनचा दोस्त. त्याचा कांदा बाजारात आला की तो आधी माझ्या ओट्यावर बसायचा, मग अडत्याकडे. आता बारा वर्षं बोलणं नाही. मंगलच्या, त्याच्या मुलीच्या, लग्नापासून. त्याला आमच्या धर्माचा राग आला, असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

१४ ऑगस्ट
निमगावचा दूधवाला गणपत कॅन घ्यायला आला. सहज विचारल्यासारखं केलं. म्हणाला, "किसनभाऊची गाडी व्हय? गोठ्याशेजारी हाय की. रोज फडक्यानं पुसत्यात. कुनाला हात लावू देत न्हाईत." मग ताटलीकडं बघून गालात हसला. म्हणजे आता निमगावभर होणार.
बायकोला, विमलला, सांगितलं. ती पापड लाटत होती, मान वर केली नाही. "दिवा मागायला जाणार?" म्हटलं, पर्युषण येतंच आहे, खमतखामण्याला जाईन, वर्षभरातल्या चुकांची माफी मागायचाच तो दिवस. मग ओघात विषय निघाला तर...
"एका पिशवीत दोन्ही घालू नका," म्हणाली.

१७ ऑगस्ट
रागावलोय विमलवर. कारण तिचं बरोबर आहे. माफी मागितली तर किसन म्हणणार दिव्यासाठी आला. नुसता दिवा मागितला तर म्हणणार बारा वर्षांनी आला तोही दिव्यासाठी. हंडा आणखी महिनाभर फळीवर राहिला असता तर काय बिघडलं असतं?

२६ ऑगस्ट
पर्युषण सुरू. हिरवी भाजी बंद. क्षमापनेची कार्डं छापून आली, दरवर्षीसारखी. "कळत-नकळत आपलं मन दुखावलं असल्यास मिच्छामि दुक्कडम्." पत्ते दिलीप लिहितो. किसनचा मी लिहितो, दरवर्षी. त्यालाच आजवर माफी मागणं समजत होतो. आज पत्ता लिहिताना लाज वाटली. तरी पेटीत टाकलं.

२९ ऑगस्ट
जैन स्थानकात महासतीजींचं, आमच्या साध्वींचं, प्रवचन. म्हणाल्या, ज्यांच्याशी आपलं गोड आहे त्यांना आपण आधी खमावतो, कारण ते सोपं असतं. जिथं पाय जड होतो तिथं आधी जा.
घरी येऊन बसलोय. वही माझी आहे, इथं तरी खरं लिहावं.
मंगलचं लग्न गोरज मुहूर्तावर. जेवणं त्यानंतर. मला चालणार नाही म्हणून किसननं माझ्यापुरता वेगळा स्वयंपाक केला, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. मुहूर्ताच्या आधी, नवरदेव पारावर असताना, मुलीचा बाप स्वतः ताट घेऊन आला. मांडवातलं पहिलं ताट. मी पुण्याच्या दोन घाऊक व्यापाऱ्यांशी बोलत होतो. म्हटलं, "ठेव बाजूला, येतो." अर्धा तास होता सूर्यास्ताला. उठलो नाही. किसन तेव्हा कोणीच नव्हता, ते व्यापारी मोठे होते.
अक्षता पडल्यावर तो पुन्हा तेच ताट घेऊन आला. त्याचे व्याही शेजारी. मी म्हटलं, "आमच्यात चालत नाही." व्याही हसले. किसन ताट धरून उभा राहिला.
धर्माचा काही दोष नव्हता. तो माझा होता. विमललाही हे सांगितलेलं नाही.

२ सप्टेंबर
काल गणपती बसले, आज संवत्सरी. उपास. संध्याकाळी प्रतिक्रमण. चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा एका दमात मागितली, मुंगीपासून हत्तीपर्यंत. अडलो तो निमगाव साव्याला.
विमलला लग्नाचं खरं सांगितलं. तिनं हातातली माळ खाली ठेवली. मग म्हणाली, "उद्या पारणं झालं की निघा. दिव्याचं नाव काढायचं नाही."

४ सप्टेंबर
काल लिहायचं त्राण नव्हतं.
तीनला निघालो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या सगळ्या एकीकडे तोंड करून. एवढी भांडी कोण घासत असेल, हा माझा जुना विनोद, किसनला सांगितलेला नाही, कारण तबकड्या उभ्या राहिल्या त्या आमचं बिनसल्यावर. चारला पोचलो. किसन शेतात. सुमनवहिनींनी ओळखलं, पदर सारखा केला. "बसा भावजी. च्या टाकते. दोन भाकरी करू का? दिवस हाय अजून."
मी म्हटलं, "किसन येऊ दे, मग घेतो."
वाट बघत बसलो. वहिनी दोनदा आत-बाहेर झाल्या. पावणेसातला किसन आला, सायकलवर गवताचा भारा. केस पार पांढरे. गाडीकडं पाहिलं, ताटलीकडं पाहिलं, मग आभाळाकडं.
"कवा आलास?"
"चारला."
"काय घेतलंस?"
वहिनीच म्हणाल्या, "तुमची वाट बघत्यात."
"म्हंजी आजबी न्हाईच," म्हणाला. भारा उतरवला.
तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. बारा वर्षांनी त्याच माणसाच्या दारात तेच केलं. यावेळी समोर व्यापारीसुद्धा नव्हते.
मी उठलो, हात जोडले. म्हटलं, "किसन, मंगलच्या लग्नात दिवस होता. अर्धा तास होता. मी बोलत बसलो. धर्माचं सांगितलं ते खोटं."
"ठावं हाय. घड्याळ बघूनच ताट आनलं व्हतं मी."
मग खुंटीकडं बोट केलं. तारेला टोचलेली कार्डं. "बारा व्हती. परवा तेरावं आलं. छापलेल्याला मी काय उत्तर देनार राव? मी काय हापिस हाय?"
"आज तोंडानं सांगायला आलोय."
"ऐकलं," म्हणाला. एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.
पाय धुऊन आला. "दिव्यासाठी लई फिरलास म्हनं. जुन्या बाजारापोतर."
"आज त्यासाठी नाही आलो."
"न्हाई आलास तेच बरं. दिवा देनार न्हाई मी."
वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? त्या क्षणीही दिव्याचं वाईट वाटलं.
मग तो गोठ्याकडं गेला. निळी गाडी बाहेर काढली, दुसऱ्या किकला सुरू. दिवा लावला. "ताटलीचा उजेड पडत न्हाई. मागनं ये."
निमगावहून आमच्या नारायणगावच्या वेशीपर्यंत तो पुढे, मी मागे. खड्डा आला की हात खाली करून दाखवायचा, पूर्वीसारखा. वेशीला गाडी वळवली, थांबला नाही. घरी पोचलो तर विमल दारात. "जेवलात?" "नाही." मी तसाच झोपलो.

६ सप्टेंबर
नाना पेठेतून फोन. दिवा मिळालाय, अगदी तोच, काचेला चरासुद्धा नाही. "राखून ठेवू का शेठ?"
महिन्यापूर्वी मी नाचलो असतो. सांगतो म्हटलं. नवीन बसवला की पुढे कोणी लागणार नाही, असलं काहीतरी मनात आलं. फोन ठेवल्यावर ताटली पुसून ठेवली.

९ सप्टेंबर
गणपत दूधवाला आला. कॅन नको होता, निरोप होता. तो जसाच्या तसा: "किसनभाऊ म्हनाले, उद्या पाचला ताट वाढनार हाय. शेठला म्हनावं घड्याळ घालून ये. पुन्यांदा वाढनार न्हाई."
मला रडू आलं, गणपतसमोरच. तो बिचारा ओशाळून फळीवरचे पेले बघत बसला.

१० सप्टेंबर, रवि. दु. ३
एकपासून कपडे घालून तयार. गाडीत पेट्रोल आहे, घड्याळाला किल्ली दिली, रेडिओशी दोनदा मिळवलं. विमलनं मंगलच्या मुलांसाठी दोन पेले दिलेत, बांधून ठेवले.

३.२०
खाली पुण्याचे व्यापारी आलेत. दिवाळीच्या मालाचं बोलायला, न कळवता. दिलीप जिन्यावरून हाका मारतोय, "बाबा, दहा मिनिटं बसा, ते तुमच्यासाठीच थांबलेत." चहा मागवला म्हणे. दहा मिनिटं खरंच दहाच असतील, पाचला अजून वेळ आहे.
विमल वर आली. गाडीची किल्ली या उघड्या वहीवर ठेवून गेली. ती उचलल्याशिवाय पुढची ओळ लिहिता येत नाही.