इतिवृत्तातल्या टाळ्या

१२ मार्च

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. माझी पाठ बरी आहे. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. टिटवी माझ्याकडे वेळेवर जेवते, दूध मात्र तुझ्यासारखंच नाक मुरडून पिते. दोन महिने झाले, तू फोनवर तिचं, स्वतःच्या लेकीचं, नाव काढत नाहीस, म्हणून मीच सांगते.

काल ती नगरसभेत बोलली. युद्धातून आलेली चाळीस मुलं जुन्या गोदामात राहतात. त्यांना बंद शाळेचे सहा वर्ग उघडून द्या, एवढीच मागणी. तिच्यासोबत तिच्याच वयाची पाच-सहा पोरं होती, सगळ्यात मोठा एकोणीस वर्षांचा. एकाची बाही इस्त्री करताना जळलेली.

मी नेहमीच्या टेबलाशी, इतिवृत्त लिहीत. आमचा नियम तुला पाठ आहे: जे बोललं जातं ते लिहायचं, आपण तिथे नसतोच. तीस वर्षांत मी त्या खुर्चीत साधी शिंकलेही नाही.

अध्यक्ष म्हणाले, "पोरी, तीन मिनिटं. भाषण नको, मुद्दा बोल."

"मुद्दाच आणलाय, काका." तिने पिशवीतून बुटांचा जोड काढला. माझ्या तळहाताएवढा. "हे घालून एक सहा वर्षांची मुलगी झोपते. काढ म्हटलं तर विचारते, मग पळणार कशी? आज पहिल्यांदा तिने ते काढून दिलेत. सभा संपेपर्यंतच. मला परत न्यायचेत."

मागून कुणीतरी टोमणा मारला, "आधी बापाला विचार, कारखान्यात काय बनवतो ते!"

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर सगळं तुझ्यावर ढकलून मोकळी होईल. तिच्या जागी मी तेच केलं असतं.

ती म्हणाली, "तोफगोळ्यांचे भाग बनवतात. लेथवर बाबांचा हात केसभरही चुकत नाही. त्याच हातांनी मला वाढवलंय, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण गोळा कुठे पडतो ते कळल्यावर मला गप्प बसता येत नाही."

धाकट्या, हिला मी बोट धरून जिना चढायला शिकवलं! मी नुसती बघत राहिले.

आणि मग पेन ठेवून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. भानावर आले तेव्हा निर्णय होऊन गेलेला आणि माझा कागद कोरा. आधी लिहिलं 'टाळ्या', मग शेजारच्या कारकुनाला विचारून: तीन वर्ग मंजूर.

आज साहेब म्हणाले, "बाई, हे 'टाळ्या' काय? एका माणसाच्या टाळ्यांची नोंद होत नाही. खोडा."

मी खोडलं नाही. पुढे लिहिलं, 'लेखनिकाच्या'. आता ठपका येईल. येऊ दे.

"बोललीस तर या घरात यायचं नाही," असं तू तिला म्हणालास, तेव्हा मी दारातच उभी होते. तुझी मोठी बहीण. तेव्हाही मी तिथे नसल्यासारखीच वागले. ते तुला आज सांगते आहे, तिला रात्रीच सांगितलं.

रविवारी टिटवी त्या मुलीला माझ्याकडे आणणार आहे. डाव्या बुटाचं बक्कल सैल झालंय, पळताना निसटेल म्हणून ती घाबरते. तसलं दुकानात मिळत नाही. हत्यारं घेऊन ये.

तुझी,
इथेच असलेली
ताई