आजी चालत नाही

डेन्झिल बाळा,

नाही रे, लोर्ना कॉलेजला गेली की आईकडे कोण बघणार, ही चिंता तू करू नकोस. टेक्सासला तेलाच्या विहिरीवर गेल्यापासून वाढदिवसालाही फोन न करणाऱ्याला ती शोभत नाही.

तुझ्या पोरीला, लोर्नाला मी वाढवलं, म्हणून तिच्या कॉलेजच्या फीसाठीच्या सरकारी मदतीच्या अर्जात पालक म्हणून माझंच नाव टाकलं. शाळेतल्या कॉम्ब्सबाई हसल्या. "ऑर्फामावशी, इथे आजी चालत नाही. बापाची संमती नसेल तर पोरीला मदत मिळायची नाही."

"बाप तर मलाही चालत नाही," मी म्हटलं.

तरी बाई तुझ्या जेवणाच्या सुट्टीत रोज फोन लावत राहिल्या. "आईला एकटं टाकायचं नाही," म्हणून तू अडून बसलास. शेवटी त्यांनी फोनवरच एकेक पायरी सांगत तुझ्याकडून संमती घेतली. मी शेजारीच मक्याचा पाव खात बसले होते.

हे पत्र मी टाकणार नाही. पुढचं वाचलंस तर संमती मागे घ्यायला धावशील.

बाईंनी त्या दिवशी आणखी एक अर्ज भरून घेतला. तो माझा होता, आणि त्यात आजी चालते. ऑगस्टपासून मी नि लोर्ना एकाच बसने कॉलेजला जाणार आहोत.

तुझी, अजून धडधाकट,
आई