तू कबूल केलेलं माझं मत

दादा,

मत टाकून आले, भाकरी दुरडीत झाकून ठेवल्यात आणि सोलापूरला कामावर निघाले. शाळेच्या गेटापाशी काकांच्या टेबलावरनं तू माझ्याकडं बघून हसलास. तितं चारचौघांत बोलले न्हाई, म्हणून लिहिते. सिद्धाप्पा काकांना मी मत दिलं न्हाई.

बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून, शपथ घेऊन तू घरातली सगळी मतं काकांना कबूल केलीस. मला विचारलंस का? काका निवडून येत न्हाईत, हे त्यांनाबी ठाऊक हाय. विरोधातली मतं फुटावीत म्हणून आत्ताच्या सरपंचानंच त्यांना उभं केलंय. तो परत आला की गायरान सोलर कंपनीला जाणार. मग मेंढरं काय तुझ्या शपथेवर चरायची?

त्याला पाडू शकते ती एकटी कस्तुराबाई. जिनं आईला भरल्या घागरीसकट नळावरनं हाकललं, तीच. तिच्या चिन्हाच्या बटणावरनं बोट एकदा मागं घेतलं. तरी दाबलं.

आईला तू काही सांगू नकोस. रविवारी येऊन मीच सांगीन, मग तिला काय बोलायचं ते बोलू दे.

आज मेंढरं गायरानातच सोड.

रुपाली