हिरवं दुपटं

बुधवार, संध्याकाळ. वडूज.

आटपाडीची सुमन आज येऊन गेली. दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या. तिच्या बाळाचं दुपटं ओलं झालं, म्हणून सासूबाईंनी मायेनं आमचं हिरवं दुपटं त्याला गुंडाळलं. नर्सनं दुपटं ओळखून तेच बाळ माझ्या कुशीत दिलं, माझं तिच्याकडे गेलं. रक्ताच्या तपासणीत हे कळलं आत्ता, पोरं पाचवीत गेल्यावर.

आमच्या घरी वाढलेल्या ओंकारला म्हटलं, मावशीच्या पाया पड. पडला, आणि खेळायला पळाला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, ते दुपटं हाय का अजून? मी नेऊ?"

लगेच काढून दिलं. आणखी काही मागायच्या आत. घाई केली का मी?

दवाखान्यातून आमचं असं ते दुपटंच तेवढं घरी आलं होतं.